विषय: तासगाव कॉल – घड्याळं बदलल्यावर वेळ कोणती?

प्रेषक: समन्वयक, मार्गदर्शन गट

नमस्कार मंडळी,
बुधवारपर्यंत उत्तर हवंय, नाहीतर मी ठरवेन ते चालवून घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपली अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात. तासगावच्या शाळेतल्या मुलांना आपण मार्गदर्शन करतो तो कॉल तिकडे शनिवारी संध्याकाळी साडेसहाला असतो, म्हणजे आत्ता आपल्याकडे पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ. तोच आता आठला पडेल. चौघांनी वेगवेगळ्या मेल टाकून "नऊच ठेवा" म्हटलंय. नऊ ठेवले तर तिकडे साडेसात वाजतात. शीटमध्ये आपल्या नावापुढे आठ किंवा नऊ एवढंच लिहा. बाकी चर्चा नको. गणपतीच्या स्वयंसेवक यादीचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

---

प्रेषक: सदस्य, एडिसन

नऊ. आठला मुलांना पोहायला सोडायचं असतं, बऱ्याच घरांत तेच आहे. आणि तिकडे साडेसहा काय नि साडेसात काय, पोरं रात्री दहापर्यंत मोबाइलवर असतातच की.

---

प्रेषक: सर, तासगाव

सर्वांना नमस्कार.
हा एक तास तिकडून किरकोळ वाटतो, इथे नाही. सोळा मुलं आहेत: दहावीची सहा, बारावीची सात आणि आपल्याच शाळेतून डिप्लोमाला गेलेली तीन. दहावीची बहुतेक वाडीवस्तीवरची. त्यांची शेवटची एसटी सव्वासातला फाट्यावरून जाते. चाळीस मिनिटांचा कॉल सात-दहाला संपतो आणि पाच मिनिटांत पोरं फाट्यावर पोचतात. साडेसातला सुरू केलात तर पहिल्याच आठवड्यात मुली गळतील, आणि घरचे एकदा "नको" म्हणाले की पुन्हा पाठवत नाहीत.

मोबाइलचं म्हणाल तर घरात चांगला फोन एकच, तो वडिलांच्या खिशात आणि वडील बागेत. छाटण्या उरकल्यात, पुढे डिपिंग (द्राक्षाचे घड द्रावणात बुडवणं) आणि विरळणी. मजूर मिळेनासा झाला की दहावी-बारावीची पोरंच हाताशी असतात. शनिवारी शाळा सकाळची, दुपार बागेत, पाचनंतर मोकळी. साडेसहा ही वेळ अशी निघाली आहे, माझ्या सोयीची म्हणून नव्हे.

---

प्रेषक: सदस्य, सॅन होजे

एडिसनकरांना आठ लवकर वाटतात? आमच्याकडे कॅलिफोर्नियात आत्ताच पहाटेचे सहा असतात, पुढे पाच होतील. एक सोपा उपाय सांगतो. प्रत्येक मार्गदर्शकाला त्याच्या मुलाचा नंबर द्या, दोघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर जमेल तेव्हा बोलावं. वेळेचा घोळच राहणार नाही.

---

प्रेषक: डॉक्टर, मिरज गट

याला माझा साफ विरोध आहे, आणि तो मागच्या सभेच्या इतिवृत्तात आहे. दहावी-बारावीची जवळजवळ सगळी मुलं अठराच्या आतली. अनोळखी प्रौढ माणसाने रात्री-बेरात्री अल्पवयीन मुलीला खासगी फोन करायचा, हेतू कितीही चांगला असला तरी, हे चालणार नाही. कॉल शाळेच्या खोलीतून, एक शिक्षक हजर, पालकांची मराठीत लिहिलेली संमती फाइलला, रेकॉर्डिंग नाही. फोन नंबर, फेसबुक, इन्स्टा यांची देवाणघेवाण नाही. मुलाने काही गंभीर सांगितलं, घरात मारहाण, लग्न ठरवताहेत, छेडछाड, तर मार्गदर्शकाने स्वतः सल्ला न देता त्याच दिवशी सरांना कळवायचं. पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे आणि त्यात माहिती दडवणं हासुद्धा गुन्हा आहे.

वेळेबद्दल: रविवारी सकाळी साडेसात हा पर्याय कुणी पाहिला का? ते आपल्याकडे शनिवारी रात्रीचे नऊ होतात, कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा. मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली की दहा आणि सात.

---

प्रेषक: सदस्य, सीईटीचं बघणारे

वेळेवर पाच मेल झाल्या, कॉलमध्ये बोलायचं काय यावर एकही नाही. मागचे दोन कॉल "तुझं ध्येय काय" आणि "मोठी स्वप्नं बघ" यात गेले. मुलं "हो सर" म्हणाली. ती आणखी काय म्हणणार?

बारावीच्या मुलांशी नोव्हेंबरात बोलायची गोष्ट म्हणजे कागद. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्याला महिने लागतात. जुलैत यादी लागल्यावर धावपळ करून ते मिळत नाही. ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये निघतो. तेव्हा मुलाला असं काम द्या: आजोबा कुठल्या शाळेत गेले ते घरी विचार, त्या शाळेतून रजिस्टरचा उतारा आण आणि त्यावरचं आडनाव तुझ्या दाखल्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. आडनावाच्या जागी गावाचं नाव किंवा नुसतं वडिलांचं नाव असणं हे नेहमीचं. तिथे फाइल अडकते आणि मग प्रतिज्ञापत्रं, वंशावळ, जवळच्या नातेवाइकाची वैधता असं सुरू होतं. कुणा काका-आत्याकडे वैधता असेल तर काम निम्मं झालं, पण हे घरात कुणाला ठाऊक नसतं, विचारावं लागतं.

नॉन-क्रिमीलेयरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते. आत्ता काढून ठेवलेलं उन्हाळ्यात जुनं झालेलं असू शकतं, तारीख बघायला सांगा.

मग सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा. गणित ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भौतिक ५०, रसायन ५०, प्रत्येकी १. एकूण २००, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. सुमारे २० टक्के अकरावीवर. गावाकडे अकरावी "विश्रांतीचं वर्ष" म्हणून जातं आणि ते गुण हातचे जातात. पालकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हे, शंभरातली नव्वद मुलं आपल्या बरोबरीला किंवा मागे. पोरीला २०० पैकी ११० पडलेत आणि पर्सेंटाइल नव्वदीत, तर घरात उगाच रडारड.

सगळ्यात जास्त नुकसान कॉलेजचे पर्याय भरताना होतं. २०२५ च्या प्रवेशापासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तेच. म्हणजे "बघू तर खरं" म्हणून वर टाकलेलं, जायची इच्छाच नसलेलं कॉलेज गळ्यात पडतं. पहिले सहा पर्याय हे "मिळालं तर नक्की जाईन" असेच हवेत. मार्गदर्शकाने मुलासोबत मागच्या वर्षीचे कट-ऑफ उघडून त्याचा प्रवर्ग आणि त्याची शाखा बघावी. आपल्या काळात वालचंदला काय लागायचं, त्याला आता अर्थ नाही. नियम दरवर्षी हलतात, त्यामुळे माहितीपुस्तिका त्या वर्षीचीच वाचायची.

मुलींसाठी: २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) यांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी गेली. मेस आणि खोलीचं गणित वेगळं मांडा. "फी माफ" ऐकून पाठवतात आणि डिसेंबरात खोलीचं भाडं थकतं.

---

प्रेषक: सदस्य, मशीन शॉपवाले

वरचं सगळं मान्य, पण यादीत तीन डिप्लोमावाले आहेत आणि दहावीचे दोघं आयटीआय म्हणताहेत. त्यांना आपण कोण दिलंय? दोन सॉफ्टवेअरवाले आणि एक बँकवाले. राग नको, पण फिटर व्हायला निघालेल्या पोराला पायथॉन शीक म्हणून सांगणं हे काही मार्गदर्शन नव्हे.

डिप्लोमाच्या पोराला पलूस, कुपवाड किंवा किर्लोस्करवाडीकडे मुलाखतीला जायचं तर सराव असा घ्या. सरांनी वर्कशॉपमधून एक बुश (आरपार भोकाचं धातूचं नळकांडं) आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) आणून ठेवावं, कॅमेरा टेबलावर. ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, २५ एच७. पोरगा मोजून सांगतो, "२५.०२." आता विचारा, पास की नापास? बहुतेक जण झटकन पास म्हणतात. एच७ ला २५ मिमीवर वरची मर्यादा २५.०२१ आणि खालची २५.०००. व्हर्निअरचा लीस्ट काउंट (सगळ्यात लहान माप) ०.०२, म्हणजे सगळा टॉलरन्सच (चालणारा फरक) एका रेघेएवढा. त्याने या बोअरचा निकाल लागतच नाही. प्लग गेज किंवा बोअर गेज लागतो. "या साधनाने सांगता येणार नाही" असं जो पोरगा म्हणतो, त्याला सुपरवायझर खुर्ची देतो. शिवाय मोजण्याआधी जबडे मिटवून शून्य पाहिलं का, बोअरला आतले जबडे वापरले का, बुश फिरवून दोन-तीन ठिकाणी मोजला का, हे तो न बोलता बघत असतो. बायोडेटात ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया अशी रांग लावण्यापेक्षा स्वतः काढलेलं एक ड्रॉइंग मितींसकट घेऊन जावं.

आयटीआयवाल्यांना: फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षं, वेल्डर एक. नंतर अप्रेंटिसशिप, १९६१ च्या कायद्याखाली, सरकारी पोर्टलवर नोंदणी करून. पोर्टलवर नाव नसताना कारखान्यात "शिकाऊ" म्हणून राबवून घेतलं तर शेवटी प्रमाणपत्र मिळत नाही, हे पहिल्या दिवशीच विचारायचं. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रस्ता बंद होत नाही. ही भीती आयांना फार असते, त्यांना मुद्दाम सांगा.

आणि दर कॉलला एक काम: गावातल्या एका कामकऱ्याला भेट, तीन प्रश्न विचारून ये. सकाळी पहिलं हत्यार कोणतं उचलता, माल कशाने वाया जातो, पहिल्या वर्षी हातात किती पडत होते. पुढचा कॉल त्या उत्तरांवर. "हो सर" आपोआप थांबतं.

---

प्रेषक: सदस्य, सांगली

माल वाया जाण्यावरून आठवलं. तासगावात बसून बी.एस्सी. केमिस्ट्रीला "स्कोप नाही" म्हणणाऱ्यांनी निर्यातीच्या द्राक्षाला रेसिड्यू (औषधांचे उरलेले अंश) तपासणी लागते हे विसरू नये. अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंद, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, मग कंटेनर. ते नमुने मशीनवर चालवायला केमिस्ट्रीचीच माणसं लागतात. बारावीतल्या एकीच्या घरी निर्यातीची बाग आहे असं सर म्हणाले होते. तिला बँकवाल्यांकडे का दिलंय?

---

प्रेषक: सदस्य, बँक

कारण शीटमध्ये तिने "अधिकारी" लिहिलंय. मी मागून घेतलेली नाही. बदलून द्या, हरकत नाही.

---

प्रेषक: सदस्य, खटाव

अग्निवीरवाल्या दोघांना कुणी घेतलेलं नाही, मी घेतो. आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान, हा क्रम पोरं उलटा धरतात आणि नुसती पळत सुटतात. वय किमान साडेसतरा. जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. १.६ किमी साडेपाच मिनिटांत म्हणजे ६० गुण, दहा पुल-अप ४० गुण. चार वर्षांनी जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होतो, म्हणून पाचव्या वर्षी काय करणार हा प्रश्न आत्ताच वहीत लिहून घ्यायचा.

---

प्रेषक: खजिनदार

मशीन शॉपवाल्यांनी खासगीत हेडसेट आणि वेबकॅमचं विचारलंय म्हणून सगळ्यांसमोर लिहितो. मंडळाच्या खात्यातून शाळेला थेट एक रुपयाही जाणार नाही. आपली संस्था अमेरिकेत नोंदलेली, म्हणजे तो विदेशी निधी. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी निधीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. शाळेकडे यातलं काहीही नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिले तर ते विदेशी निधीत मोडत नाही. ओसीआयवाल्यांचं, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळ भारतीयांचं, मात्र मोडतं, त्यांनी खिशात हात घालू नये. मागच्या वर्षी पुस्तकांच्या वेळी हे सांगितलं होतं, तेव्हा मलाच कंजूष ठरवण्यात आलं.

---

प्रेषक: सर, तासगाव

हेडसेट नकोतच. एका खोलीत चार फोन एकाच कॉलला जोडले की स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुटते, अडचण तेवढीच होती. आता एकच लॅपटॉप, एकच स्पीकर, बाकी सगळं बंद. ज्याची पाळी तो पुढच्या खुर्चीवर, बाकीचे मागच्या बाकांवर आपलं लिहीत बसतात. मी दारात बसतो. शेजारी उभा राहिलो की मुलं माझ्याकडे बघून उत्तरं देतात.

डॉक्टरांची रविवारची वेळ बारावी आणि डिप्लोमाला जमेल. त्यांच्याकडे सायकली, गाड्या आहेत, आणि क्लास नऊला. दहावीला जमणार नाही, रविवारी सकाळी त्यांच्या मार्गावर एसटीच नाही. खोलीची किल्ली शिपाईमामांकडे असते, त्यांच्याशी बोललो आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवडे कॉल ठेवू नका.

---

प्रेषक: समन्वयक, मार्गदर्शन गट

ठरलं. दहावी: भारतात शनिवारी साडेसहा, आपल्याकडे आठ. एडिसनकर, तुम्ही रविवारच्या गटात या. बारावी आणि डिप्लोमा: भारतात रविवारी साडेसात, आपल्याकडे शनिवारी रात्री नऊ. शीटमध्ये यापुढे फक्त भारतीय वेळ लिहिली जाईल, आपापलं गणित आपण करावं. निर्यातवाली बँकेकडून सांगलीकडे, डिप्लोमाचे तिघं मशीन शॉपकडे, अग्निवीर खटावकडे. दिवाळीनंतरच्या पहिल्या कॉलला बारावीच्या प्रत्येकाने आजोबांच्या शाळेचं नाव आणायचं आहे, सर मुलांना कळवतील. फोन नंबरांबाबत डॉक्टरांचाच नियम.

---

प्रेषक: सदस्य, सॅन होजे

शनिवारी संध्याकाळी सहा म्हणजे आमच्या नाटकाच्या तालमीची वेळ.

---

प्रेषक: खजिनदार

तालमीचा हॉल अजून बुक झालेला नाही. अनामत कुणी भरलीय, पावती पाठवा.