मदत हवी आहे : कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खाते आहे

नमस्कार मंडळी. धायरीला आमच्या घरामागे अर्धा गुंठा जागा आहे. तिथे अळू, पालक, मिरच्या आणि पत्र्याच्या खुराड्यात सात कोंबड्या. पाच गिरिराज (सुधारित जात), दोन गावरान : तांबडी आणि तिची लेक.

थंडीत रोज तीन अंडी मिळायची. एप्रिलच्या मध्यापासून कवच पातळ होत गेलं, अंगठ्याखाली दबायला लागलं. दोनदा तर नुसत्या पापुद्र्यातलं अंडं रात्री बसायच्या दांडीखाली पडलेलं दिसलं. ते फुटलं, तांबडीने चोच लावली आणि तिला चटकच लागली. आता ती अंडी घालायच्या खोक्यातलं चांगलं अंडंही फोडते. काल तिचं बघून एका गिरिराजने सुरुवात केली.

सासूबाई म्हणतात, ही खोड जात नाही, कापून टाका. त्यांनी जन्मभर कोंबड्या पाळल्यात, त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही. पण हीच तांबडी गेल्या वर्षी 21 दिवस अंड्यांवरून हलली नव्हती. चारा-पाणी मी तिच्यापुढे नेऊन ठेवायचे. मला तिला कापायचं नाही.

खाणं असं : सकाळी लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), दुपारी उरलेला भात आणि भाजीचे देठ, संध्याकाळी मक्याचा भरडा. मॅश महाग पडतो म्हणून मार्चपासून निम्म्यावर आणला. लिहिताना मलाच खटकतंय. दुपारी सगळ्या चोची उघडून धापा टाकतात. लासोटाची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे, सर्दी-घरघर नाही.

पाण्यात खायचा चुना घालू का? आणि ही सवय मोडते का? खुराड्यातलं खत घातल्यावर पालकही करपला, त्याचंही कोणी सांगा.

माळकरी : ताई, कापू नका, पण आजच हात घाला. मॅशमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. भात-मक्याने पोट भरलं की ते पुरेसं पोटात जात नाही. मॅश पुन्हा पूर्ण करा, कोंबडीमागे दिवसाला 100 ते 120 ग्रॅम. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला लागेल ती खाईल. कवच तयार व्हायला साधारण 20 तास लागतात, त्यातलं बरंच काम रात्री चालतं. म्हणून दांडीवर चढायच्या आधी भांडं भरलेलं हवं. चुन्याचं पाणी नको. चव बिघडली तर पाणी कमी पितील, या उन्हात ते परवडणार नाही.

धापांकडे दुर्लक्ष करू नका. धाप लागली की श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. मग शिंपले खाऊनही अंडं पातळच. पत्र्यावर उसाचं पाचट टाका, वर ओलं गोणपाट. जूनमध्ये दोडक्याचा वेल चढवा, सावलीही मिळेल आणि भाजीही.

खोक्याला गोणपाटाचा पडदा लावून अंधार करा, अंडी दिवसातून तीनदा उचला. आत एक लाकडी अंडं ठेवा. चोच मारून काहीच मिळालं नाही की नाद सुटतो. तांबडीला आठ-दहा दिवस वेगळी काढा.

वाफेवाली : कोंबडीखत ताजं घातलं की गरम पडतं, त्यात नत्र फार. पालापाचोळ्यात मिसळून तीन-चार महिने कुजवा. कच्च्या खाण्याच्या पालेभाजीला ताजं तर कधीच नको, साल्मोनेला जंतूंची भीती असते. आणि दोन आठवड्यांत कवच सुधारलं नाही तर पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे विचारा. ब्राँकायटिस या कोंबड्यांच्या संसर्गजन्य श्वासरोगातही कवच बिघडतं, कधी कधी सर्दी न दिसताच.

मूळ प्रश्नकर्ती : दोघांचे मनापासून आभार. पाचट मिळालं नाही, गोणपाट भिजवून टाकलंय. दुपारी तीन वाजता दोघीच धापा टाकत होत्या. शिंपल्यांच्या भांड्यावर गिरिराज तुटून पडल्या. तांबडी मात्र वेगळी ठेवल्यापासून सारखी ओरडते आहे. आत्ता सासूबाईच तिच्यासमोर पाणी ठेवून बसल्या आहेत. मधे जाळी लावून बाकीच्या तिला दिसतील असं केलं तर चालेल का?