शब्दचर्चा : ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ला मराठीत काय म्हणावे?

चर्चाप्रस्ताव

मी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, पश्चिमेकडील एका गावातील संस्थेत काम करते. ज्या अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी समाजांतील) मुलांची शाळा सुटत चालली आहे किंवा ज्यांची पोलिसांशी गाठ पडू लागली आहे, त्यांच्यासाठीचा ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ कार्यक्रम, म्हणजे अडचण वाढण्याआधीच मदतीला जाण्याचा कार्यक्रम, चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. दिवाळी अंकासाठी या कामावर लेख लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडले. ‘जोखमीच्या आदिवासी युवकांसाठीच्या शीघ्र हस्तक्षेप कार्यक्रमाचे व्यवस्थापन’ असे भाषांतर कागदावर उतरले खरे, परंतु त्यातील एकही शब्द मनाला पटत नाही.

सर्वांत अधिक खटकतो तो ‘हस्तक्षेप’. मराठीत हस्तक्षेप राजकीय असतो, पोलिसांचा असतो, न्यायालयाचा असतो. ज्याच्या बाबतीत तो होतो त्याला तो नकोच असतो. शिवाय येथे मूळ इंग्रजी शब्दालाच एक जखम आहे. जून २००७ मध्ये केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीमधील अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांवर मुलांच्या संरक्षणाचे कारण देऊन आणीबाणीची योजना लादली. त्यासाठी लष्कर पाठवले, वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता स्थगित केला आणि लोकांच्या सरकारी भत्त्यातील निम्मी रक्कम कशावर खर्च करायची यावर बंधने घातली. त्या योजनेला लोक आजही नुसते ‘द इंटरव्हेन्शन’ म्हणतात. त्याआधी कित्येक दशके सरकारी माणसे मुलांना आईपासून तोडून नेत होती, तेही ‘मुलांच्या भल्यासाठी’च. त्याबद्दल संसदेत माफी मागितली गेली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. अशा घराचे दार वाजवताना मी कोणता शब्द घेऊन उभी आहे, याचा विचार मला करावाच लागतो.

प्रतिसाद १

महाराष्ट्रात बालकल्याणाच्या क्षेत्रात अनेक वर्षे काढल्यामुळे आपल्याकडील कार्यालयीन शब्द प्रथम नोंदवतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात मुलांचे दोन वर्ग केलेले आहेत : ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आणि ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. तुमची मुले या दोहोंच्या अलीकडची आहेत, म्हणून हे शब्द उपयोगाचे नाहीत. ‘शीघ्र हस्तक्षेप’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांतील केंद्रांमुळे रुळला, परंतु तेथे संदर्भ लहान मुलांच्या व्यंगांचा व वाढीतील विलंबाचा असतो. वाचकाच्या डोळ्यांसमोर रुग्णालय उभे राहील.

माझा खरा आक्षेप ‘जोखमीच्या’ या शब्दावर आहे. आशाताई ‘अतिजोखमीची माता’ म्हणतात तेव्हा ती बाई धोकादायक आहे असे कोणालाही वाटत नाही. तिला अधिक जपायचे, एवढाच अर्थ निघतो. तोच शब्द सतरा वर्षांच्या मुलाला लावला की धोका त्याच्यापासून इतरांना आहे असे वाचले जाते. एखाद्या समूहातील मुलाला गुन्ह्याच्या आधीच गुन्हेगार मानण्याचा अनुभव आपल्याकडेही आहे. १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींवर ‘गुन्हेगार’ हा शिक्का मारला, सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातील सेटलमेंट उभी राहिली आणि १९५२ मध्ये कायदा जाऊन ‘विमुक्त’ हा शब्द आला, तरी पारधी मुलाकडे पाहणारी नजर पुरती बदललेली नाही. म्हणून धोका मुलात नसून त्याच्या भोवती आहे, हे वाक्यरचनेतूनच दिसले पाहिजे.

प्रतिसाद २

‘आदिवासी’ लिहिल्यास मराठी वाचकाला वारली, गोंड, भिल्ल आठवतात आणि अनुसूचित जमातींची संपूर्ण चौकट सोबत येते. ‘मूलनिवासी’ शब्दार्थाने जवळचा असला तरी महाराष्ट्रात त्याला एका विशिष्ट राजकीय विचाराची छटा आहे. विशेषण म्हणून ‘अ‍ॅबोरिजिनल’ हाच शब्द ठेवावा आणि जमेल तेथे लोक स्वतःला जे म्हणवतात ते वापरावे : न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरियात कूरी, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येस नूंगार. क्वीन्सलँडमधील नाव मात्र ‘मर्री’ असे जोड देऊन लिहावे, कारण ‘मरी’ लिहिले तर आपल्याला मरीआई आणि पटकी आठवते.

‘व्यवस्थापन’ काढूनच टाका. कार्यक्रम ‘चालवते’ म्हटले की पुरे.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. ‘धोका भोवती’ म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. येथे पंचवीस वर्षांखालील शिकाऊ चालकाला परवान्याच्या परीक्षेआधी १२० तास गाडी चालवल्याची नोंद वहीत दाखवावी लागते, त्यांतील २० तास रात्रीचे, आणि शेजारच्या आसनावर परवानाधारक माणूस असावा लागतो. ज्या घरात परवाना असलेला कोणी नाही आणि धड चालणारी गाडीही नाही, त्या घरातील मुलाने हे तास कोठून आणावेत? तो विनापरवाना गाडी काढतो, दंड होतो, दंड थकतो आणि पोलिसांच्या नोंदीत नाव चढत जाते. आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे सकाळी साडेसहाला संस्थेची गाडी घेऊन अशा मुलाच्या दारात उभे राहणे. तो चालवतो, मी शेजारी बसते. उतरताना वहीवर तास आणि किलोमीटर लिहून सही करते. पहिले काही दिवस तो अवाक्षर बोलत नाही. मग एखाद्या सकाळी, नजर रस्त्यावरच ठेवून, घरी काय चालले आहे ते आपणहून सांगू लागतो.

डार्लिंग नदीकाठच्या बर्क गावातील मारंगुका हा उपक्रम तेथील अ‍ॅबोरिजिनल लोकांनी स्वतः २०१३ मध्ये सुरू केला आणि त्यातही वाहन परवान्यांवर भर होता. न्येम्बा भाषेत मारंगुका म्हणजे इतरांची काळजी घेणे. २०१६ ते २०१७ या काळात तेथे अल्पवयीन मुलांवर ठेवले जाणारे पाच प्रमुख प्रकारच्या गुन्ह्यांचे आरोप ३८ टक्क्यांनी घटले आणि बारावीपर्यंत शाळेत टिकणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांनी वाढले. त्यांनी आपल्या कामाला आपल्याच भाषेतले नाव दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मी ‘वेळीच साथ’ असे सुचवू पाहते. चालेल का?

प्रतिसाद १

‘साथ देणे’ चांगले आहे, परंतु नाम म्हणून एकटे आले की तापाची साथ आठवते. ‘पाठराखण’ही सुचली होती, वर्तमानपत्रांनी ती गुन्हेगारांची करून ठेवली आहे. तुमचे गाडीचे वर्णन वाचल्यावर वाटले की शब्द तुमच्याच परिच्छेदात आहे : सोबत. घरात एकटी राहिलेली बाई रात्री शेजारच्या आजींना सोबतीला बोलावते. आजी येतात, अंथरूण टाकतात, सकाळी आपल्या घरी जातात. त्या घराचा ताबा घेत नाहीत, कपाटे उघडत नाहीत, मुलांना उचलून नेत नाहीत. आणि त्या बोलावल्यावर येतात, हेही महत्त्वाचे.

मूळ लेखिका

लेखाचे पहिले वाक्य असे केले आहे : ‘ज्यांच्याभोवती पोलीस आणि कोर्टकचेऱ्यांचा फास आवळत चालला आहे, अशा अ‍ॅबोरिजिनल मुलांना वेळीच सोबत करणारा एक कार्यक्रम मी चालवते.’