कॅडासिल: धमनीची भिंत जाड, तरी टोन कमी का?

प्रश्न: कॅडासिल या मेंदूच्या लहान रक्तवाहिन्यांच्या आनुवंशिक आजारात नॉच३ जनुकातल्या दोषामुळे मेंदूच्या लहान धमन्यांच्या भिंती जाड होतात. मग उंदरांच्या मॉडेलमध्ये दाब वाढवल्यावर त्या पुरेशा आकसत का नाहीत? आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात रुग्णाने काय जपावं?

उत्तर १: जाडी वेगळी, टोन (म्हणजे धमनी किती आकसून राहते ते) वेगळा. दाब वाढला की धमनीच्या भिंतीतल्या अरेखित स्नायुपेशीचा पडदा डिपोलराइज होतो (त्याच्या आतबाहेरचा विद्युतभाराचा फरक कमी होतो), एल-प्रकारचे कॅल्शियम चॅनल, म्हणजे कॅल्शियम आत सोडणारी दारं, उघडतात आणि पेशी आकसते. पोटॅशियम बाहेर सोडणारे केव्ही१ चॅनल याला ब्रेक लावतात. या उंदरांत पडद्यावर तेच जास्त सापडतात.

उत्तर २: ते जास्त का, हीच खरी मेख आहे. नॉच३ प्रथिनाचा पेशीबाहेरचा भाग भिंतीत साचतो आणि त्यात टिम्प३ नावाचं प्रथिन अडकून राहतं. टिम्प३ एडॅम१७ या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमला रोखतं, त्यामुळे एचबी-ईजीएफ हा वाढ-घटक सुटत नाही. तो ज्याला चिकटतो त्या ईजीएफआर या ग्राहीचा संदेश मंदावला की केव्ही१ पेशीत आत ओढले जात नाहीत. बाहेरून एचबी-ईजीएफ दिल्यावर उंदरांच्या धमनिकांचा टोन परत येतो. माणसांसाठी मात्र हे औषध नाही, कृपया तसा अर्थ काढू नका.

उत्तर ३: स्वयंनियमन (रक्तदाब बदलला तरी मेंदूचा रक्तपुरवठा स्थिर ठेवण्याची धमन्यांची क्षमता) कमकुवत असेल तर रक्तदाब घसरताच मेंदूच्या खोल पांढऱ्या भागाचा रक्तपुरवठा कमी पडतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा शरीरातलं पाणी कमी होऊ देऊ नका. उलट्या-जुलाब झाले किंवा उभं राहताना चक्कर आली, तर बीपीच्या गोळ्यांच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. स्वतःहून बंद करू नका. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना आजार सांगाच. धूम्रपान पूर्ण बंद.