लोगो फुकटात मिळाला म्हणून कसाही चालवायचा का?

हळकुंड (धागाकर्ता)

सांगली मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आपण जे मुक्तस्रोत हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतोय, त्याचा लोगो आता बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला एका कॉलेजच्या पोरानं हौसेनं काढून दिलेला. आयर्विन पुलाच्या कमानी, खाली कृष्णा, वर हळदीचं पोतं, आणि पिवळ्यातून नारिंगीत जाणारी छटा. पडद्यावर मोठा करून बघितला तर झकास. पण लोक तो बघतात कुठं? शेतकऱ्याच्या हातात पडते ती विकलेल्या मालाच्या हिशेबाची पट्टी, आणि कार्बनच्या प्रती लागतात म्हणून ती अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघते. तिथं कमानी, पोतं, नदी सगळं मिळून एक काळा डाग उमटतो आणि त्याखाली तोलाई-हमालीचे आकडे. टास्कबारवर तर नुसता पिवळा ठिपका.

मूळ फाइल कुणाकडंच नाही. आहे ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून फाटलेली जेपीजी. विश्रामबागेतल्या फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "सीडीआर आहे का? कर्व्ह केलेली?" म्हणजे कोरलड्रॉची मूळ फाइल, अक्षरांचं रेषांत रूपांतर केलेली. काय सांगणार?

आपल्याच गटातल्या एका ताईंनी इंकस्केप या मुक्तस्रोत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये नवा काढलाय. एकच हळकुंड, जाड रेषा, एक रंग. कितीही मोठी केली तरी न फाटणारी एसव्हीजी फाइल तयार आहे. हाच घ्यावा. स्पर्धा-बिर्धा नको.

पुलापलीकडचा

स्पर्धा का नको? ताईंचं काम चांगलं असेल तर तेच जिंकेल की. प्रकल्प सगळ्यांचा म्हणायचं आणि चेहरा ठरवायचा चौघांनी, हे पटत नाही. फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत संगणकप्रणालीनं २००५ मध्ये खुली स्पर्धा घेतली, त्यातूनच तो शिंगं असलेला लाल गोळा आला. बीस्टी नावाचा जुना छोटा सैतानही त्यांनी टाकून दिला नाही, शुभंकर म्हणून ठेवला. आपण तेवढं करू शकत नाही?

आणि जुन्या लोगोत सांगली दिसते. हळकुंड काय, मराठवाड्यातल्या वसमतलाही पिकतं.

तंबोरा_मिरज

पोटापाण्यासाठी डिझाइनच करतो, म्हणून बोलतो. स्पर्धा म्हणजे वीसेक जणांनी रात्री जागून काढायचं, एकाचं घ्यायचं आणि बाकीच्यांना "सहभागाबद्दल आभार". कोड लिहिणाऱ्यांना आपण असं कधी वागवतो का? एकच बग वीस जणांकडून दुरुस्त करून घेऊन एकोणीस जणांचं काम टोपलीत टाकत नाही. चित्र म्हटलं की मात्र सगळ्यांना मतदान सुचतं.

टक्सचं, म्हणजे लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या पेंग्विनचं उदाहरण घ्या. लिनक्सच्या लोगोसाठी स्पर्धा झाल्या, त्यात लॅरी युइंगचा पेंग्विन जिंकला नाही. १९९६ मध्ये गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं ते चित्र तरीही टिकलं, कारण लोकांनी ते वापरलं. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरची शुभंकर किकी खार टायसन टॅन यांनी स्वयंसेवक म्हणून काढली, केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या कोन्की ड्रॅगनलाही नवं रूप त्यांनीच दिलं. प्रकल्पात मुरलेला एक चित्रकार असणं हे कुठल्याही स्पर्धेपेक्षा बरं.

पण धागाकर्त्याशीही मी सहमत नाही. ताईंना आधी गरज लिहून दिली होती का? किती लहान आकारात चालला पाहिजे, एका रंगात चालला पाहिजे का, खाली देवनागरी नाव येणार का? काहीच दिलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या अंदाजानं काढला आणि तो बरा निघाला, हे आपलं नशीब.

वखारवाला

आम्ही नुसते वापरणारे. आमच्या दिवाणजीला कॉम्प्युटरवर वाचता येत नाही फारसं, तो "पुलाचं चित्र" बघून क्लिक करतो. सौद्याच्या दिवशी सकाळी चित्र बदललेलं दिसलं तर तो मला फोन करणार, मी तुम्हाला करणार. काय लगा, डाग तर डाग, पट्टी बरोबर निघती ना? त्याआधी जीएसटीच्या रिपोर्टचं बघा. तो कधीपासून लटकलाय.

हळकुंड

दादा, रिपोर्टचं काम वेगळे लोक करतायत, चित्र काढणारे हात तिथं लागणार नाहीत. दिवाणजींचा मुद्दा मात्र मान्य. सॉफ्टवेअरच्या आत थोडे दिवस दोन्ही चित्रं ठेवता येतील, पट्टीवर लगेच नवा.

काळा_कोट

परवान्याचं कुणीच बोलत नाहीये. कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चित्र आपोआप त्याखाली येत नाही. त्या पोरानं तोंडी "घ्या, वापरा" म्हटलं, तेवढ्यानं मालकी आपली होत नाही. प्रताधिकार कायदा १९५७, कलम १९ : हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय कलम ५७ प्रमाणे चित्र आपलं आहे असं सांगण्याचा हक्क हस्तांतरणानंतरही चित्रकाराकडंच राहतो.

किरकोळ वाटतं ना? लोगोचा परवाना मुक्त नव्हता आणि लोगोशिवाय नाव वापरायला मोझिला तयार नव्हती, म्हणून डेबियन या लिनक्स प्रणालीत मोझिलाचा फायरफॉक्स ब्राउझर २००६ ते २०१६ 'आइसवीझल' या नावानं वावरला. तेव्हा ताईंकडून आधी सीसी बाय-एसए ४.० (श्रेय देऊन, त्याच अटींवर कुणीही वापरावं असा परवाना) असं लेखी घ्या, फाइल कोडच्या शेजारी ठेवा, श्रेयाच्या यादीत नाव घाला. खालची अक्षरं कुठल्या फॉन्टमध्ये आहेत तेही बघा. 'मुक्ता' या देवनागरी फॉन्टसारखा खुल्या परवान्याचा असेल तर डोक्याला ताप नाही.

तंबोरा_मिरज

+१. आणि जुन्या पोराचंही नाव यादीत राहू दे. आत्ता कुठंच नाही, मी बघितलं.

पुलापलीकडचा

म्हणजे ज्याचं चित्र काढून टाकताय, त्याचं नावसुद्धा आजवर लावलं नव्हतं! आणि मला लोकशाहीवरून ऐकवताय.

माझा विरोध कायम आहे, नोंद करा. एकरंगीच पाहिजे असेल तर पुलाच्या दोन कमानी ठेवून त्याच पोराला साधं करून द्यायला सांगता आलं असतं. त्याला कुणी विचारलं का?

हळकुंड

नाही. तो आता नोकरीला पुण्यात असतो. नंबर आहे, कुणीतरी बोलून घ्या.

पुलापलीकडचा

विचारायला फोन करायचा असेल तर मी करतो. "बदलतोय" एवढं कळवायलाच असेल तर तुम्हीच करा.