दुसऱ्याचं दुखणं आणि आपलं पाचारण: अनुभव लिहा

औसेकर
काल पाऊस झाला. मागच्या गल्लीत कुणीतरी जुनं धाब्याचं घर पाडलंय, त्या ओल्या मातीचा वास आला आणि झोपच उडाली. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी विसर्जन, माणसं दमून झोपलेली. लातुरात आमची भांडी पडली, एवढंच. तिकडं दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वरचं धाबं, सगळं अंगावर.

मी 19 वर्षांचा, पाळकाचा, म्हणजे चर्चच्या पास्टरचा पोरगा. दर उन्हाळ्यात शिबिरात 'ज्यांना पाचारण, म्हणजे देवाची हाक, वाटतंय त्यांनी पुढं या' म्हणायचे. तीनदा पुढं गेलो, तीनदा काही वाटलं नाही. तरुण संघाबरोबर ट्रकमध्ये भाकरी आणि चादरी घेऊन गेलो. वरून पाऊस. पडलेल्या घरांच्याच तुळया ओढून सरणं रचायलेले.

एक म्हातारी ढिगाऱ्यावर बसून बोटांनी माती उकरायलेली. भाकर घेईना. म्हणली, मालकाचा तांब्या हाय खाली. मी बसलो उकरायला. ट्रक पुढच्या गावाला गेला, मी राहिलो. दुपारच्याला सापडला, चेपलेला. रडू मलाच आलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि विचारलं, "कुणाचा रं तू?"

बापाचं नाव सांगायचं, दुसरं काय. पण तोंडातून शब्द फुटंना. इंजिनिअरिंग एका वर्षात सोडलं, पाळक व्हायला सेमिनरीत गेलो.

तुमचं कसं झालं? ख्रिस्ती असा नाहीतर नसा, लिहा.

गोदाकाठ
सलाम पाळकसाहेब. कामावर आहे, रात्री लिहिते.

हसरा_हिंगोली
मी पण तीनदा पुढं गेलेलो. मंडपात पंखा पुढंच होता.

सिस्टर_बीड
पायाची दोन बोटं उंदरानं कुरतडलेली. रात्रभर. आणि ह्या माणसाला पत्ता नाही. सकाळी चादरीवर रक्त बघून मलाच विचारतो, सिस्टर, हे कुणाचं सांडलं?

कुष्ठरोगाच्या वॉर्डात माझा दुसरा आठवडा. पाचारण-बिचारण काही नव्हतं, पगार पाहिजे होता. तोवर चिमट्यानं, लांब हात करून ड्रेसिंग करायचे. त्या दिवशी त्याचा पाय मांडीवर घेतला. का घेतला, सांगता येणार नाही. येशूनं कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, हे संडे स्कूलपासून पाठ. लक्ष सगळं 'बरं केलं'वर. 'हात लावून' तिथं मी कधी थांबलेच नव्हते.

आता 6 नाहीतर 12 महिने गोळ्यांची पाकिटं नीट घेतली की रोग बरा होतो, म्हणून माणसं घाबरायची कमी झालीत. पण गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. रोज पाय भिजवा, तेल लावा, एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची चप्पल घाला, तळवे स्वतः बघा. हे सांगून सांगून माझा घसा बसतो. आणि लोक चप्पल जपून ठेवतात, लग्नात घालायला!! चला, राउंड आला.

हसरा_हिंगोली
सिस्टर, तुम्ही कुठल्या मठातल्या?

सिस्टर_बीड
नर्स आहे हो. दोन पोरं आहेत, एक दहावीला.

टँकरवाट
माझाही आहे एक. 2016 चा. थांबा, टँकर आला.

जुनं_जालना
पंडिता रमाबाईंचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण थोड्या महिन्यांच्या अंतरानं गेले. पुढं इंग्लंडात असताना त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. तिथल्या मठातल्या सिस्टर, समाजानं टाकून दिलेल्या बायकांना मायेनं सांभाळायच्या. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही का करता? तर एका सिस्टरनं बायबलातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली, लोक जिला हलकं समजायचे तिच्याशी येशू मायेनं बोलला ती. 1883 ला बाप्तिस्मा. वादविवादात हार न जाणारी बाई, तिला पटलं ते हे बघून. मग 1896-97 च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी-विधवा घेऊन आल्या. बायका-पोरींना आसरा देणारं केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं.

आमच्या जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव नारायण शेषाद्रींनी वसवलं, त्यांचा बाप्तिस्मा 1843 चा. त्यावर वेगळा धागा काढतो, नाहीतर इथंच रात्र होईल.

नगरी
केडगाव आमचं.

जुनं_जालना
नगरचं नाही, दौंडजवळचं. दरवेळी हेच.

परळीकर
राग नका मानू, मी वारकरी घरातला. दुष्काळात, भूकंपात धान्य द्यायचं आणि मागून पुस्तक काढायचं, असं लहानपणापासून ऐकलंय. त्यावर काय म्हणता?

औसेकर
राग कशाचा. ट्रक भरताना एकानं धर्मप्रचाराच्या पत्रिकांचा गठ्ठा वर टाकला होता. बाबांनी तो उतरवला आणि त्या जागी मिठाची पिशवी ठेवली. म्हणले, भाकरीबरोबर मीठ लागतं. पण असं करणारे सगळीकडं असतेत असं म्हणलो तर खोटं होईल. कुठं कुठं गठ्ठा उतरत नाही.

परळीकर
मीठ. बरं. वडिलांना नमस्कार सांगा.

औसेकर
ते नाहीत आता. पण पोचला.

गोदाकाठ
पोरं झोपली. माझं थोडं उलटं आहे. रस्त्यावर बेवारस पडलेल्या म्हाताऱ्यांना बघून माझा जीव तुटायचा, म्हणून 20 व्या वर्षी मठात गेले. अडीच वर्षं. रोज मरणारी माणसं धुवायची, पुसायची. एके दिवशी एक आजोबा गेले आणि मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. चादर घडी करून ठेवली, पुढच्या खाटेला गेले. त्याचीच भीती वाटली. मदरनं सांगितलं, घरी जा, हे पाप नाही, तू थकलीस. मी ते 'नापास' असंच ऐकलं.

आता सासूबाई तीन वर्षं अंथरुणात आहेत. रोज अंघोळ घालते. त्या शिव्या देतात, मीही देते. कधी कधी पाठ चोळताना ते आजोबा आठवतात आणि आता रडू येतं, इतक्या वर्षांनी. ह्याला पाचारण म्हणायचं का, मला कळत नाही.

सिस्टर_बीड
पाठीला जखमा होऊ देऊ नका. दर दोन तासाला कूस बदला. हवेची गादी मिळते. आणि एक दिवस नणंदेला बोलवा, तुम्ही झोपा.

गोदाकाठ
नणंद! हाहा.

टँकरवाट
आलो. 6 घागरी मिळाल्या. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या गल्लीत एक अर्धांग झालेले मास्तर एकटेच राहायचे. मी नंबर लावून दोन घागरी त्यांना द्यायचो. बायको म्हणायची, आपल्याला काय? खरंच होतं तिचं. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून दिल्या, मग सवय लागली. एकदा त्यांनी त्यातलंच तांब्याभर तुळशीला घातलं. असा संताप आला! घरी येऊन प्रार्थनेला बसलो तर प्रार्थना सुचंना, नुसतं तुळस, तुळस. दुसऱ्या दिवशी तीन घागरी नेल्या. बस एवढंच, माझं काही सेमिनरी वगैरे नाही.

परळीकर
तुळशीला म्हणजे योग्यच केलं मास्तरांनी.

टँकरवाट
तुम्ही असंच म्हणणार.

जुनं_जालना
पाळकसाहेब, त्या म्हातारीचं पुढं काय झालं?

औसेकर
पुनर्वसनात घर मिळालं, पण छताखाली झोपली नाही कधी. अंगणात बाज टाकायची, पावसात दारात ओढायची. मी वर्षातून दोनदा जायचो. पाळक झालो तरी 'मातीवालं पोरगं' म्हणायची. तांब्या उशाला. शेवटी गेली तेव्हा पुतण्यानं कळवलं. बाज घेऊन जा म्हणला. आणली, माळ्यावर आहे, सुंभ तुटलंय.

नगरी
बाज विणून देणारं आहे का कुणी लातूर-औसा साईडला? आमचीही पडून आहे.

हसरा_हिंगोली
हिंगोलीत एक बाबा आहेत. पण सुंभ आपलं आपण न्यायचं.