एकच जुने घर विकत घ्यावे, की तोच निधी अनेक घरांच्या डागडुजीत घालावा?

माळवद यांचा प्रश्न

नमस्कार. जुन्या इमारतींच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या एका लहान स्वयंसेवी संस्थेचा मी चिटणीस आहे. गेल्या सहा वर्षांत आम्ही आमच्या परिसरातील चौसष्ट इमारतींची नोंद केली. प्रत्येकीची छायाचित्रे, बांधकामाचा अंदाजे काळ, मालकी कशी बदलत गेली याची मिळेल तेवढी माहिती आणि छप्पर, भिंती व लाकूडकाम यांची अवस्था असे तिचे स्वरूप आहे. हे काम चालू असतानाच त्यांपैकी पाच इमारती पाडल्या गेल्या, आणि त्यांतील दोन गेल्याचे तर आम्हांला राडारोडा वाहून नेणाऱ्या गाड्या दिसल्यावर कळले.

आता प्रथमच संस्थेच्या हाती बऱ्यापैकी देणगी आली आहे आणि नेमके त्यावरूनच कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. यादीतील एक दुमजली घर विक्रीस निघाले आहे. मालक वृद्ध आहेत, त्यांची मुले दूर राहतात, आणि घर पाडणाऱ्याच्या हाती जाण्यापेक्षा आमच्याकडे यावे अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. निम्म्या सदस्यांना ते विकत घेऊन मूळ रूपात आणावे आणि तिथे छोटे संग्रहालय थाटावे असे वाटते, कारण त्यामुळे संस्थेचे काम लोकांच्या नजरेत भरेल. उरलेल्यांचे म्हणणे असे की एवढ्याच पैशांत वीसएक घरांची गळकी छपरे दुरुस्त होतील आणि ती सगळीच घरे आणखी काही वर्षे तग धरतील. मी पहिल्या बाजूचा होतो. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज हाती आल्यापासून मात्र डळमळलो आहे.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. तळमजल्यावर दोन भाडेकरू कुटुंबे फार पूर्वीपासून राहतात. शिवाय पाहणीसाठी आलेल्या ठेकेदाराने भिंतींतील ओल थांबवण्यासाठी जुना गिलावा काढून सर्वत्र सिमेंटचा गिलावा करावा असे सुचवले आहे. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी आपले मत द्यावे.

जोते यांचे उत्तर

आपल्या दोन्ही गटांनी एक तिसरा मार्ग विचारात घेतलेला दिसत नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. घर विकत घ्यावे, पण ठेवून घेऊ नये.

अमेरिकेतील सव्हाना शहरात 1954 साली जुनी मंडई पाडून तिच्या जागी वाहनतळ उभारण्यात आला. त्या धक्क्यातून 1955 साली सात महिलांनी पुढाकार घेऊन हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. 1820 च्या सुमारास बांधलेले डेव्हनपोर्ट हाउस पाडले जाण्याच्या बेतात होते. ते विकत घेऊन वाचवणे हे या संस्थेचे पहिले काम. त्या घराचे पुढे संग्रहालय झाले हे खरे, पण संस्थेने शहराचा चेहरा टिकवला तो त्या संग्रहालयामुळे नव्हे, तर फिरत्या निधीमुळे. धोक्यात आलेले घर घ्यायचे, अगदी अत्यावश्यक असेल तेवढीच दुरुस्ती करायची, आणि जो ते नीट करून वापरील अशा खरेदीदाराला जपणुकीच्या अटींसह विकून टाकायचे. विक्रीतून परत आलेल्या रकमेत पुढचे घर. या पद्धतीने तिथे शेकडो इमारती वाचल्या. तेवढी संग्रहालये चालवणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातले नव्हते.

संग्रहालयाच्या कल्पनेची ओढ मी समजू शकतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे घर वाचवण्यासाठी 1853 साली ॲन पामेला कनिंगहॅम यांनी महिलांची संघटना उभी करण्यास सुरुवात केली, देशभरातून वर्गणी गोळा केली, आणि आजही ते घर त्याच संघटनेकडे आहे. तो आदर्श पुढे असंख्य गावांनी डोळ्यांपुढे ठेवला. मात्र तिथे पाहुणे येतात ते वॉशिंग्टन यांच्यामुळे. आपल्या घराला तसे नाव जोडलेले नसेल, तर उद्घाटनाच्या वर्षी रांग लागेल आणि त्यानंतर पहारेकरी, वीज, विमा व छप्पर यांचा खर्च दरवर्षी न चुकता येत राहील. जी देणगी आज मोठी वाटते, ती असल्या खर्चात चार-पाच वर्षांत विरघळते.

आता अटींविषयी, कारण इथे आमचे हात पोळले आहेत. आमच्या संस्थेने विकलेल्या पहिल्या घराच्या खरेदीखतात ‘इमारतीचे ऐतिहासिक स्वरूप अबाधित राखावे’ एवढे एकच वाक्य होते आणि ते लिहून घेताना आम्हांला फार समाधान वाटले होते. दीड वर्षाने नव्या मालकाने लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, आणि ‘स्वरूप’ या शब्दात खिडक्या येतात की नाही यावर आमचा आणि त्यांचा वाद सुरू झाला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आमचा दस्तऐवजच ढिला होता. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कराराला मोजमापांसह नकाशे आणि दिनांकित छायाचित्रांचा संच जोडतो. काय बदलता येणार नाही, काय विचारून बदलता येईल आणि काय मालकाच्या मर्जीवर आहे हे वेगवेगळे लिहितो. वर्षातून एकदा पूर्वसूचना देऊन पाहणी करण्याचा आणि घर पुन्हा विकायचे झाल्यास पहिली विचारणा आम्हांला होण्याचा हक्कही राखून ठेवतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर शक्यतो मालकाच्या मर्जीवर सोडावे. तिथेही अटी लादल्या तर खरेदीदारच मिळत नाही.

अशी अट पुढच्या मालकावरही बंधनकारक राहील की पहिल्या खरेदीदारापुरतीच, हे देशोदेशीच्या कायद्यावर अवलंबून असते. काही ठिकाणी ती मालमत्तेबरोबर चालते, काही ठिकाणी चालत नाही. सौदा ठरवण्याआधी मालमत्तेच्या कायद्याचा अनुभव असलेल्या वकिलाकडून एवढा एक मुद्दा लेखी स्पष्ट करून घ्यावा.

चुनेगच्ची यांचे उत्तर

घर घ्यावे की न घ्यावे, त्यावर वर सविस्तर आले आहे. मी गिलाव्याविषयी लिहिते, कारण ठेकेदाराचा सल्ला मानला तर घर कोणाच्याही मालकीचे असले तरी ते बिघडणार.

जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. अशी भिंत पाणी शोषते आणि हवा लागली की ते सोडून देते. तिचे आरोग्य या ये-जा करण्यावर टिकून असते. सिमेंटचा गिलावा कठीण असतो आणि त्यातून बाष्प फारसे बाहेर पडत नाही. भिंत किंचित हलली की त्याला केसासारख्या भेगा पडतात, पाऊस त्या भेगांतून आत शिरतो, आणि मग बाहेर पडायची वाट न मिळाल्याने आतल्या आत वर चढतो. पाण्याबरोबर विरघळलेले क्षार गिलाव्यामागे साठतात, भिंतीला लोणा लागतो, विटांचे तोंड भुगा होऊन गळू लागते आणि भिंतीत टेकलेली तुळयांची टोके कुजतात. पहिली काही वर्षे भिंत कोरडी दिसते, त्यामुळे सगळ्यांना वाटते की उपाय लागू पडला. विटांच्या सांध्यांचेही तसेच आहे. सांधे भरण्याचा मसाला विटेपेक्षा मऊ असावा, कारण झीज कुठेतरी होणारच असेल तर ती मसाल्याची व्हावी. मसाला पुन्हा भरता येतो, वीट पुन्हा भाजता येत नाही.

त्यामुळे आधी ओल येते कुठून ते शोधावे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण अगदी साधे निघाले आहे: तुंबलेली पन्हळ, फुटलेला पावसाच्या पाण्याचा नळ, सरकलेली दोन-चार कौले, किंवा रस्ता वा अंगण भर घालून उंच केल्याने जोत्यापर्यंत आलेली माती. ही कारणे दूर केल्यावर भिंतीला वाळायला एक-दोन वर्षे द्यावी लागतात. त्याआधी केलेला कोणताही गिलावा, अगदी चुन्याचासुद्धा, टिकत नाही. चुन्याच्या कामाला घाई मानवत नाही. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि त्या काळात त्याला ओलसर, सावलीत राखावे लागते. हे काम हातात असलेला गवंडी आधी शोधावा आणि मगच अंदाजपत्रक करावे. आमच्याकडे हे उलटे झाले होते.

आपल्या दुसऱ्या गटाच्या म्हणण्यालाही माझा पाठिंबा आहे, मात्र थोड्या फरकाने. विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1877 साली इंग्लंडमध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचा मूळ आग्रहच हा होता की जीर्णोद्धाराच्या नावाखाली इमारत खरवडून नवी करण्यापेक्षा तिची रोजची निगा राखावी. नेदरलँड्समध्ये 1973 पासून ‘मोन्युमेंटनवाख्त’ नावाची व्यवस्था आहे. जुन्या इमारतींचे मालक वर्गणी भरून सभासद होतात, आणि शिडी-दोर घेऊन आलेले प्रशिक्षित निरीक्षक ठरावीक काळाने छपरापासून तळघरापर्यंत पाहणी करून, कोणती दुरुस्ती तातडीची आणि कोणती थांबू शकेल याचा लेखी अहवाल देतात. जागच्या जागी होण्यासारखी किरकोळ दुरुस्ती ते तेव्हाच उरकतात. आपल्याकडे नोंद झालेल्या एकोणसाठ इमारती आजही उभ्या आहेत. एक जाणकार माणूस, एक मदतनीस आणि एक चांगली शिडी एवढ्यावर त्यांची वार्षिक पाहणी सुरू होऊ शकते. त्यासाठी आख्खी देणगी लागत नाही. छपरे मात्र सरसकट फुकट दुरुस्त करून देऊ नयेत. मालकाचा निम्मा वाटा असला तर तो पुढच्या वर्षी स्वतः पन्हळ साफ करतो, असे आम्ही पाहिले आहे.

ओसरी यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण भाडेकरूंचा उल्लेख कोणीच केला नाही याचे नवल वाटले. इमारत वाचते, भाव वाढतो आणि तिच्यात राहणारे बाहेर फेकले जातात, ही संवर्धनावरची जुनी आणि रास्त टीका आहे. सव्हानाचेच उदाहरण पुढे न्यायचे तर, त्या चळवळीतील ली ॲडलर यांनी 1974 साली वेगळा प्रकल्प सुरू केला, तो जुनी घरे दुरुस्त करून अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांना त्यातच ठेवता यावे म्हणून. पिट्सबर्गमध्ये 1964 साली स्थापन झालेल्या संस्थेनेही आहे त्या रहिवाशांना हलवावे लागू नये, हा हेतू ठेवून वस्त्यांमध्ये काम केले. तेव्हा अटींसह विकायचेच असेल, तर त्या अटींत खिडक्यांच्या चौकटींबरोबर त्या दोन कुटुंबांचे वास्तव्यही लिहून घ्यावे. किंमत थोडी कमी येईल. ती कमी आलेली रक्कम म्हणजेच देणगीचा खरा विनियोग, असे मी मानतो.

‘मूळ रूपात आणणे’ या शब्दांविषयीही एक शंका आहे. मूळ म्हणजे कोणते? घर बांधले गेले त्या वर्षीचे, की नंतर कोणी मागे सोपा वाढवला आणि वर जाळीचे कठडे बसवले तेव्हाचे? जुन्या वास्तूंच्या संवर्धनाची तत्त्वे सांगणाऱ्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटले आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनःस्थापना थांबली पाहिजे, आणि इमारतीवर निरनिराळ्या काळांनी घातलेली भर मान्य केली पाहिजे. जुने छायाचित्र किंवा भिंतीतला पुरावा नसताना ‘त्या काळी असेच असणार’ म्हणून बसवलेला कोरीव खांब ही नवी वस्तू होय, मग सुतार कितीही कसबी असो.

आणि त्या पाच गेलेल्या इमारती. न्यूयॉर्कचे पेन स्टेशन 1963 पासून पाडले जाऊ लागले तेव्हा निदर्शने झाली होती, पण ते थांबवू शकेल असा कायदाच नव्हता. तो 1965 मध्ये आला. त्याच कायद्याच्या आधारे पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशन वाचले आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. आपली यादी संस्थेच्या कपाटात आहे, की बांधकाम परवाने देणाऱ्या कार्यालयाच्या टेबलावर आहे? पाडकामाचा अर्ज ज्या दिवशी येतो त्या दिवशी तो संस्थेला कळेल अशी सोय लावून घेणे, याला जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत.

माळवद यांचे प्रत्युत्तर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. यादी कपाटातच आहे, हे कबूल करावे लागते. ठेकेदाराला सध्या थांबायला सांगितले आहे, आणि काल दोघे जण छपरावर चढले असता मागच्या बाजूची पन्हळ पूर्ण तुंबलेली आढळली. तिच्यात एक बऱ्यापैकी मोठे पिंपळाचे रोपही होते. ओल नेमकी त्याच भिंतीला आहे.

एक अडचण उरते. घर घेऊन विकायचे ठरवले आणि वर्षभर खरेदीदारच मिळाला नाही, तर सगळी रक्कम त्यात अडकून बसेल. त्या अवस्थेत दुसऱ्या कोणत्याही घरासाठी आम्ही काहीच करू शकणार नाही.

जोते यांचे उत्तर

त्यासाठी पूर्ण किंमत आजच मोजण्याची गरज नाही. मालकांशी मुदतीचा करार करावा: सहा किंवा नऊ महिने ते घर दुसऱ्या कोणाला विकणार नाहीत आणि त्या बदल्यात संस्था त्यांना किमतीच्या मानाने लहान रक्कम देईल. त्या मुदतीत अटी मान्य असलेला खरेदीदार आपण शोधावा. मिळाला तर व्यवहार थेट त्याच्याशी, अटींसह आणि आपल्या उपस्थितीत व्हावा. फिरता निधी चालवणाऱ्या संस्था असे करार सर्रास करतात. मालकांची इच्छा आपल्या बाजूची आहे, म्हणून ते बहुधा तयार होतील. मात्र मुले वारस असल्याने त्यांच्याशीही आधीच बोलून घ्यावे. मुदत संपेपर्यंत कोणीच पुढे आले नाही तर आपले नुकसान त्या लहान रकमेपुरतेच राहते. तोवर पिंपळ मुळासकट काढून टाकावा. वरून छाटला तर पुढच्या पावसाळ्यात तो दुप्पट जोमाने वर येतो.