विस्कटलेल्या वाक्यातील जादा शब्द कसा ओळखावा?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि मुलगी येत्या सप्टेंबरमध्ये ग्रामर स्कूलसाठी (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी सरकारी माध्यमिक शाळा) इलेव्हन प्लस ही प्रवेश परीक्षा देणार आहे. व्हर्बल रीझनिंगच्या, म्हणजे शब्दांवर आधारित तर्काच्या प्रश्नांच्या, सरावात काही ठिकाणी शब्दांचा क्रम विस्कटलेला असतो आणि वाक्यात न बसणारा एक शब्द शोधायचा असतो. तिथे तिचा फार वेळ जातो. काय करावे?

उत्तर 1: आधी क्रियापद शोधायला सांगा. ‘रेन, टू, हर, शी, टेक, अंब्रेला, फरगॉट’ हे शब्द घ्या. ‘फरगॉट’चा कर्ता ‘शी’च असणार, ‘टू’ला लागून ‘टेक’ येणार आणि ‘हर’ला पुढे नाम हवे, म्हणजे ‘शी फरगॉट टू टेक हर अंब्रेला’ असे वाक्य जुळून ‘रेन’ उरतो. छत्रीशी अर्थाने जवळचा असल्यामुळेच तो मुद्दाम पेरलेला असतो आणि मुले नेमकी त्यालाच बसवण्यात अडकतात.

उत्तर 2: घरी मराठी बोलणाऱ्या मुलांची एक वेगळी अडचण मला जाणवते. ‘मांजराने उंदीर पकडला’ आणि ‘उंदीर मांजराने पकडला’ यांत ‘ने’ या प्रत्ययामुळे शिकारी बदलत नाही, पण इंग्रजीत जागा बदलली की उंदीरच मांजर पकडू लागतो. हा फरक आमच्या मुलाला चिठ्ठ्यांवर शब्द लिहून, त्या सरकवत दाखवला, तेव्हा कुठे उमगला.

प्रश्नकर्ती: धन्यवाद. तिने आधी पूर्ण वाक्य लिहून काढावे का?

उत्तर 1: सुरुवातीला अवश्य, घड्याळ लावून सराव करताना मात्र वापरलेल्या शब्दांवर फक्त रेघ मारावी.